बोलणाऱ्यांची नावे

शिबिर आमच्याच शाळेत लागलं, सातवीच्या खोलीत.
फळा तोच, वरून नवा काळा रंग.
मी टेबल मांडलं, बीपीचं मशीन, साखरेच्या पट्ट्या,
तीस वर्षांवरच्या साऱ्या गावाचे फॉर्म,
आणि पहिलंच नाव लिहिताना हात थबकला.
हे नाव मी याच खोलीत लिहायची, खडूनं,
गुरुजी ऑफिसात गेले की.

मी मॉनिटर होते.
वर लिहायचं 'बोलणाऱ्यांची नावे', खाली रेघ,
परत बोलला तर नावापुढे फुली.

शालिक लांजेवार.
त्याच्या फुल्या फळा संपून चौकटीवर चढायच्या.
पाच मिनिटं बूड टेकायचं नाही.
रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तर आवाजावरून
मालकाचं नाव सांगायचा, वर ब्रेक कसा लागतो तेही.
गुरुजींनी उपाय काढला:
बसवत नाही ना तुला? जा, टपरीवरून माझी पुडी आण.
रोज दोनदा.
उरलेल्या पाच पैशांची सुपारी त्याची.

"शालिक, तोंड उघड."
तो डोळ्यांनीच हसतो.
उभी तीन बोटं मावायला हवीत,
माझी दोनही जाईनात.
"भात पातळ करून द्या लागते," त्याची बायको सांगते,
"तिखट तं नाकाजवळही नको."
खिशात खर्र्याची पन्नी अजून आहे, मला दिसते,
आणि मला दिसली हे त्याला.
एका तासात अकरा फुल्या मारल्या होत्या मी
याच्या नावापुढे.

यशोधरा मेश्राम.
फळ्यावर कधीच आली नाही.
शिका हिच्यापासून, गुरुजी म्हणायचे.
एकदा विंचू चावला तर सुट्टीची घंटा होईस्तोवर बसून राहिली,
सुजलेला पाय बाकाखाली लपवून.
आज वरचा एकशे नव्वद.
"डोकं दुखते का?" "दुखते नं."
"कधीपासून?" "पोरीच्या लग्नापासून."
त्या पोरीची पोर आता पाचवीत.
"मग सांगितलं काऊन नाही कोणाले?"
ती माझ्याकडे बघते,
जणू बोलायची परवानगी
मीच अजून दिलेली नाही.

चहाच्या वेळी नागपूरचे डॉक्टर सांगत होते,
शिस्तीची मुलं जास्त जगतात, निरोगी राहतात,
परदेशात म्हणे पन्नास पन्नास वर्षं मोजलंय.
असेलही. मी कप विसळले.
यशोधरेला कुठल्या रकान्यात टाकू,
तेवढं विचारायचं राहिलं.

डोमा नन्नावरे. एकशे बावीस, ऐंशी.
साखर नाही, चिखलात अजून दिवसभर वाकतो.
शाळेत सुकडी मिळायची तेव्हा
अर्धी खायचा, अर्धी कागदात बांधून दप्तरात.
गुरुजी त्याला उभा करायचे: बघा, याला म्हणतात संयम.
मी म्हटलं, तू लहानपणापासूनच तसा.
"कसा?"
सांगितलं.
तो बाही खाली करत राहिला, बटण सापडेना.
"संयम कायचा बाई. घरी बहीण होती नं,
झटके येत तिले, शाळेत कोण घेते.
मले तं सारीच खाऊन टाकाव वाटे."

ऊन भिंतीवरून उतरलं, रांग संपली.
शालिक मात्र जाईना.
फॉर्मच्या गठ्ठ्यावर बोट ठेवून
फटीतून शब्द काढतो एकेक:
"मॉनिटर. तुयं. नाव?"

खरं तर सगळ्यात जास्त मीच बोलायची त्या वर्गात,
चूप बसा, चूप बसा म्हणत.
माझ्यापुढे कोणी फुली मारली नाही,
खडू माझ्याच हातात होता.

त्यानं पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला, उलटा.
मी सुलटा केला.
हवा भरली, आकडे चढू लागले,
तो मोठ्यानं वाचू लागला
अर्ध्या तोंडानं, साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं,
आणि मी म्हटलं,
हळू.